मोती, खडे आणि पहिला पगार

कॅम्पस इंटरव्ह्यू संपले, ऑफर लेटर हातात पडलं की होस्टेलवर दोन प्रश्न हमखास चर्चेला येतात. पहिला, पार्टी कधी? आणि दुसरा, पहिल्या पगारात आईला काय घ्यायचं? साडी घ्यावी तर रंगाची भानगड. मोबाईल घ्यावा तर "माझा चालतोय ना अजून" हे उत्तर ठरलेलं. मिक्सर घेतला तर ते गिफ्ट नाही, घरखर्च! शेवटी गाडी दागिन्यावर येऊन थांबते. सोन्याचे भाव ऐकून आपण दोन पावलं मागे सरतो आणि म्हणतो, चला, मोत्याचं किंवा खड्याचं काहीतरी बघू.

आणि इथेच खरी परीक्षा सुरू होते. चार वर्षं मटेरियल सायन्स शिकलेले आपण काउंटरसमोर उभे राहून एकच प्रश्न विचारतो, "भाऊ, हे खरं आहे ना?" दुकानदार म्हणतो, "एकदम खरं!" झालं, आपली टेस्टिंग संपली! लॅबमध्ये एवढ्यावर कुणी जर्नलवर सही दिली असती का?

मित्रमैत्रिणींनो, या लेखात एवढंच सांगायचं आहे की "खरं का?" हा प्रश्न अपुरा आहे. विचारायचा प्रश्न असा, "हे नेमकं काय आहे, आणि बिलावर तेच लिहून द्याल का?" फॅशन, बजेट, सीझन हे सगळं त्याच्यानंतर.

एवढा विचार कशाला?

कारण आपल्याकडे दागिना नुसता मिरवायला नसतो. आपल्यापैकी कितीतरी जणांची ॲडमिशन फी भरताना घरातलं काहीतरी बँकेत गोल्ड लोनसाठी गेलेलं असतं. कुणी बोलत नाही, पण माहीत सगळ्यांना असतं. त्या वेळी बँकेतला माणूस दागिना वजन करतो आणि खडे, मोती, लाख यांचं वजन वजा करून फक्त सोन्याचं निव्वळ वजन धरतो. ज्या खड्यांचं घरात इतकं कौतुक झालं, त्यांची तिथे किंमत शून्य!

याचा अर्थ खडे-मोती घेऊच नयेत असा नाही. अर्थ इतकाच की सोनं अडीअडचणीला असतं आणि मोती-खडे हौसेला, प्रेमाला. दोन्हींचा हिशोब वेगळा ठेवला पाहिजे. खड्यासकट दागिना वजन करून सगळा सोन्याच्या भावात लावला, तर आईच्या नावाने आपण काचेला सोन्याचा भाव देऊन येतो. म्हणून बिलात एकूण वजन, निव्वळ सोन्याचं वजन आणि खड्यांची किंमत हे तीन आकडे वेगवेगळे हवेतच.

चार खाने

बाजारातला कुठलाही मोती किंवा खडा चार खान्यांपैकी एकात बसतो.

पहिला खाना नैसर्गिक. जमिनीतून किंवा शिंपल्यातून जसा निघाला तसा, फक्त कापून, घासून किंवा छिद्र पाडून.

दुसरा खाना संस्कार केलेला. मूळ खडा जमिनीतलाच, पण तापवून रंग खुलवलेला, भेगांमध्ये तेल किंवा काच भरलेला, रंगवलेला. पाचूत तेल भरण्याची पद्धत जुनी आहे आणि व्यापारात ती चालते. पण माणकाच्या भेगांत शिसं मिसळलेली काच भरतात, तो प्रकार वेगळा. दिसायला लालबुंद, स्वस्त, आणि लिंबाचा रस लागला तरी आतली काच खराब होऊ शकते. शिवाय अंगठी दुरुस्तीला दिली आणि सोनाराने फुंकणीची आंच दिली की खड्याचं काम तमाम.

तिसरा खाना प्रयोगशाळेत किंवा माणसाच्या मदतीने तयार झालेला. रासायनिक घटक आणि रचना नैसर्गिकासारखीच, फक्त जन्मस्थान वेगळं. हे काही आजचं फॅड नाही. फ्रान्सच्या ऑग्युस्त व्हर्नोई यांनी ज्योतीत पावडर वितळवून माणिक तयार करण्याची पद्धत १९०२ साली जाहीर केली. म्हणजे आपल्या पणजीच्या अंगठीतलं "जुनं, म्हणजे खरंच असणार" असं माणिकसुद्धा या खान्यातलं असू शकतं! कल्चर्ड मोतीही इथेच ठेवूया.

चौथा खाना नक्कल. दिसायला तसं, पण पदार्थच वेगळा. लाल काच म्हणजे माणिक नाही. 'अमेरिकन डायमंड' नाव हिऱ्याचं, पण तो असतो क्युबिक झिर्कोनिया, त्यात कार्बन औषधालाही नसतो.

आता गंमत बघा. या चारही खान्यांतलं काहीही गिफ्ट द्यायला हरकत नाही! जून २०२३ मध्ये पंतप्रधानांनी अमेरिकेच्या तेव्हाच्या फर्स्ट लेडींना भेट दिला तो साडेसात कॅरेटचा हिरा प्रयोगशाळेत तयार झालेला होता, आणि तसं उघड सांगूनच दिला होता. फसवणूक तेव्हा होते जेव्हा चौथ्या खान्यातली वस्तू पहिल्या खान्याच्या भावात आणि पहिल्याच्या नावाने विकली जाते.

मोती म्हणजे निसर्गाचा हलवा

मोती समजून घ्यायला संक्रांतीचा हलवा आठवा. आजी खसखस किंवा तीळ कढईत घेऊन मंद आचेवर पाकाचे थेंब टाकत बोटांनी हलवत राहते. एकेक थर चढत जातो आणि काटेरी पांढरा दाणा तयार होतो. शिंपल्यात हेच घडतं, फक्त पाकाच्या जागी कॅल्शियम कार्बोनेट असतं.

शिंपल्याच्या मऊ शरीरात काही परकं शिरलं किंवा त्याच्या आवरणाला इजा झाली, की तो त्याभोवती चकचकीत थर देऊ लागतो. अरॅगोनाइट या कॅल्शियम कार्बोनेटच्या स्फटिकाच्या बारीक चकत्या आणि मधे सेंद्रिय पदार्थाचा लेप, जणू विटा आणि सिमेंट. सिव्हिलवाल्यांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही! एकेक चकती साधारण अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास जाड, म्हणजे प्रकाशाच्या तरंगलांबीच्याच मापाची. म्हणून थराथरातून परतलेला प्रकाश एकमेकांत मिसळतो आणि मोत्यावर ती हलकी गुलाबी-हिरवट झाक दिसते. फर्स्ट इयरच्या फिजिक्समधलं थिन फिल्म इंटरफेरन्स ते हेच. व्हायवात कामी येईल, लक्षात ठेवा.

पूर्वी हे सगळं निव्वळ नशिबावर होतं. आपल्या नथीतले, तन्मणीतले नावाजलेले 'बसरा' मोती इराणच्या आखातातले. पाणबुडे जीव मुठीत धरून शिंपले काढायचे आणि त्या मोत्यांची मोठी बाजारपेठ होती आपली मुंबई. १८९३ साली जपानमध्ये कोकिची मिकिमोतो यांनी शिंपल्यात मुद्दाम बीज ठेवून अर्धगोल मोती मिळवला, पुढे काही वर्षांत पूर्ण गोल मोतीही साधले, आणि १९३० च्या दशकापर्यंत आखातातला मोत्यांचा धंदा बसला. भारतात १९७३ साली तुतिकोरीनला डॉ. के. अलगरस्वामी यांनी समुद्री शिंपल्यात मोती तयार करून दाखवला. गोड्या पाण्यातल्या मोत्यांचं तंत्र भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्य संशोधन संस्थेने विकसित केलं.

म्हणजे आज दुकानात 'रियल पर्ल' म्हणून जे मिळतं ते जवळजवळ सगळं कल्चर्ड असतं. ते खोटं नाही. थर शिंपल्यानेच दिलेत, माणसाने फक्त सुरुवात करून दिली. हलवा आपोआप होत नाही म्हणून कुणी त्याला खोटा म्हणतं का?

हैदराबादचा मोती येतो कुठून?

आपल्या चंद्रपूरकरांचा मोत्यांच्या बाबतीत एक ठरलेला मार्ग आहे. बल्लारशाहवरून गाडी पकडायची, काजीपेठमार्गे सिकंदराबाद, मग चारमिनार, पथरगट्टी, आणि येताना बिर्याणी व मोत्याचा सर. लग्न ठरलेल्या घरातून कुणीतरी जातंच, आणि शेजारच्या काकू "माझ्यासाठी पण एक सर आणजो बाप्पा" म्हणून पैसे हातात देतात.

पण हैदराबादला समुद्र कुठे आहे? तिथे मोती पिकत नाहीत. ते शहर निजामाच्या काळापासून मोत्यांना छिद्र पाडणं, प्रतवारी करणं, ओवणं आणि विकणं यासाठी प्रसिद्ध. माल बाहेरून येतो, आणि जगातले बहुतेक गोड्या पाण्यातले मोती चीनमधून येतात. तिथे एकाच मोठ्या शिंपल्यात दुसऱ्या शिंपल्याच्या आवरणाचे डझनावारी बारीक तुकडे ठेवतात आणि तितके मोती काढतात. असा मोती जवळपास पूर्ण थरांचाच असतो, म्हणून टिकाऊही असतो. त्यामुळे 'चायना' ऐकून नाक मुरडू नका. फक्त त्याला 'बसरा' म्हणून बसराच्या भावात घेऊ नका.

दुकानात काय बघायचं? सगळ्यात आधी चमक. मोत्यात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब जितकं रेखीव, तितका मोती चांगला. खडूसारखा निस्तेज वाटला तर सोडून द्या. मग पृष्ठभाग, गोलाई आणि सरातल्या मण्यांचा मेळ. सगळे मोती अगदी छापल्यासारखे एकसारखे आणि भाव मात्र अगदी कमी, असं असेल तर शंका घ्या. दोन मोती एकमेकांवर हलकेच घासून बघा. थर असलेले मोती किंचित खरखरीत लागतात, लेप दिलेली काच किंवा प्लास्टिक गुळगुळीत सरकतं. भिंगातून छिद्राची कड बघा. नकली मोत्याचा लेप तिथे सोललेला दिसतो. 'शेल पर्ल' या नावालाही भुलू नका. शिंपल्याच्या कवचाचा मणी, वरून लेप. नाव अर्धं खरं, मोती नाही.

आणि हो, घासून बघण्याने फक्त नक्कल ओळखू येते. नैसर्गिक आणि कल्चर्ड यांतला फरक घासून कळत नाही, त्याला एक्स-रेच लागतो. कुणी "मी बघूनच सांगतो, अस्सल बसरा आहे" म्हणालं तर नमस्कार करून पुढे व्हावं. गोड्या पाण्यातल्या मोत्यांचे पांढरा, पिवळसर गुलाबी, जांभळट हे रंग नैसर्गिक असू शकतात, पण काळाकुट्ट गोड्या पाण्यातला मोती बहुधा रंगवलेला असतो.

आपल्या मातीतले हिरे-मोती

रत्नं म्हटलं की आपण जयपूर, सुरत, हैदराबाद म्हणतो. पण गडचिरोली जिल्ह्यात आरमोरी तालुक्यातल्या वैरागडला एकेकाळी हिऱ्याची खाण होती! सोळाव्या शतकात अबुल फजलने आइन-इ-अकबरीत तिची नोंद केली आहे आणि ती चांद्याच्या गोंड राजाच्या ताब्यात असल्याचंही सांगितलं आहे. वैरागडचा किल्ला आजही उभा आहे. आपण ताडोबाला दहादा जातो, वैरागडला एकदा तरी जावं.

हिऱ्यावरून आठवलं. आपल्याकडे एवढा कोळसा, मग तो दाबून दाबून हिरा होतो का? हा प्रश्न दर वर्षी कुणीतरी विचारतंच. उत्तर, नाही. दोन्हींत कार्बन आहे, पण नातं तिथेच संपतं. आपला गोंडवाना कोळसा साधारण २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींचा. हिरे जमिनीखाली दीडशे किलोमीटर किंवा त्याहून खोल तयार झाले, आणि बहुतेक तर पृथ्वीवर झाडं उगवायच्या कितीतरी आधी.

आणि मोती? आपल्या नद्यांत, मामा तलावांत गोड्या पाण्यातले शिंपले आहेतच. गडचिरोली जिल्ह्यात नदीतले शिंपले वापरून मोती पिकवण्याचे प्रयोग शेतकऱ्यांनी केल्याच्या बातम्या गेल्या काही वर्षांत छापून आल्या आहेत. शिंपला दोन-तीन दिवस गर्दीत ठेवून सैल करायचा, हलकेच उघडून बीज ठेवायचं, काही दिवस जाळीच्या पिशवीत सांभाळायचं आणि वर्ष-दीड वर्ष तलावात वाढवायचं. गणपतीच्या आकाराचा साचा ठेवला तर तसाच मोती मिळतो, त्याला डिझायनर मोती म्हणतात. पाणी चांगलं नसेल तर शिंपले मरतात, सगळी मेहनत पाण्यात. झटपट श्रीमंतीची ही स्कीम नाही. पण तुमच्या तालुक्यात कुणी असा मोती पिकवत असेल, तर आईच्या गळ्यात तो घालण्यातली मजा कुठल्या ब्रँडेड शोरूममध्ये मिळेल?

चंद्रपूरची धूळ आणि मोह्स साहेब

आता खडे. मेटलर्जीत मोह्स स्केल सगळ्यांनी पाठ केलंय, १ म्हणजे टाल्क, १० म्हणजे हिरा. परीक्षा झाली की विसरलो! खडा घेताना मात्र त्यातला एकच आकडा लक्षात ठेवा, ७. हा क्वार्ट्झचा कडकपणा.

का? कारण साध्या धुळीत क्वार्ट्झ असतो. आणि धुळीच्या बाबतीत आपलं शहर कुणाला ऐकणारं नाही. कोळशाच्या खाणी, सिमेंटचे कारखाने, २९२० मेगावॉटचं वीजकेंद्र आणि त्याची राख, तिच्यातही सिलिका असतंच. सातपेक्षा मऊ खड्याची अंगठी घालून रोज स्कूटीवर कॉलेजला आलात, तर वर्षभरात तिची चमक घासून जाणार. तो खडा खोटा निघाला म्हणून नव्हे, तो मऊ होता म्हणून.

मोती अडीच ते साडेचार. पोवळं साडेतीनच्या आसपास. फिरोजा पाच ते सहा. ओपल साडेपाच ते साडेसहा. जांभळा ॲमेथिस्ट म्हणजे क्वार्ट्झच, त्यामुळे बरोब्बर ७. पाचू साडेसात ते ८, टोपाझ ८, माणिक आणि नीलम ९. हिशोब सोपा आहे. मऊ ते कानात आणि गळ्यात, कडक ते बोटात. हात सगळीकडे आपटतो, कान आपटत नाहीत.

पण कडक म्हणजे न फुटणारं असं नव्हे. पाचू ओरखड्याला दाद देत नाही पण आपटला तर तडकतो. हार्डनेस आणि टफनेस यांतला फरक सरांनी बोर्डावर शिकवला होता, तो इथे खिशाला समजतो! आणि खड्यावरची धूळ कोरड्या कापडाने पुसू नका, धुळीनेच ओरखडे पडतात.

नावांचीही एक गंमत. पुष्कराज म्हणजे पिवळा नीलम. टोपाझ हे खनिजच वेगळं. तरी इंग्रजी-मराठीच्या घोळात पुष्कराजाला सर्रास टोपाझ म्हणतात, आणि पिवळा क्वार्ट्झसुद्धा त्याच नावाने खपवला जातो. तिन्हींच्या भावात जमीन-अस्मानाचा फरक आहे. म्हणून बिलावर खनिजाचं नाव मागा.

कॅरेट, रत्ती आणि हॉलमार्क

कॅरेट हा शब्द दोन अर्थांनी फिरतो. सोन्याचं २२ कॅरेट म्हणजे शुद्धता. खड्याचा २ कॅरेट म्हणजे वजन, १ कॅरेट बरोबर ०.२ ग्रॅम. रत्तीचं त्याहून अवघड. रत्ती म्हणजे मुळात गुंज, आपल्या जंगलातली लाल-काळी बी. सोनाराची जुनी रत्ती साधारण ०.१२ ग्रॅम, तर खड्यांच्या व्यापारात रत्ती साधारण ०.१८ ग्रॅम धरतात. म्हणून "पाच रत्तीचा खडा" ऐकलं की म्हणायचं, "दादा, ग्रॅममध्ये सांगा." एसआय युनिट झिंदाबाद!

हॉलमार्कबद्दलही गैरसमज फार. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्क म्हणजे सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी नंबर लागतो. पण तो सांगतो फक्त सोन्याची शुद्धता. त्यात बसवलेला खडा माणिक आहे की काच, याबद्दल हॉलमार्क काहीही सांगत नाही. शिवाय कुंदन, पोलकी, जडाऊ दागिन्यांना ही सक्ती लागू नाही. खडा महागाचा असेल तर रत्नपरीक्षा प्रयोगशाळेचं सर्टिफिकेट हवं. जयपूरची जेम टेस्टिंग लॅबोरेटरी १९७२ साली याच कामासाठी सुरू झाली. हजार-दोन हजाराच्या कानातल्यांना सर्टिफिकेट कुणी मागत नाही, पण वीस हजाराच्या खड्याला मागायला लाजू नका.

राशीचा खडा घालायचा की नाही, ही ज्याची त्याची श्रद्धा. फक्त खडा सांगणारा आणि खडा विकणारा एकच माणूस असेल, तर तपासणी तिसऱ्याकडे करावी. आणि महिन्यामहिन्याच्या 'बर्थस्टोन'ची आजची यादी अमेरिकेतल्या जवाहिऱ्यांच्या संघटनेने १९१२ साली ठरवली आहे. आवडली तर जरूर वापरा, पण ती वेदातली नाही!

सीझनप्रमाणे

फॅशनच्या पुरवण्या पॅरिसचा समर-विंटर सांगतात. आपले ऋतू वेगळे आहेत.

उन्हाळ्यात पारा ४७-४८ ला टेकतो आणि नेमकी लग्नसराईही तेव्हाच! नवरीच्या मोत्याच्या सेटवर घाम, परफ्यूम, हेअर स्प्रे असा तिहेरी हल्ला होतो. मोती म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आम्लाने विरघळणारं. त्यामुळे मोती सगळ्यात शेवटी घालायचा, सगळ्यात आधी काढायचा आणि मऊ ओलसर फडक्याने पुसून ठेवायचा. पाचू, ओपल, मोती गाडीच्या डिक्कीत उन्हात ठेवू नका. पाचूतलं तेल सुकतं, ओपल तडकतो. चैत्रात महाकालीच्या यात्रेत दुकानं लागतात, तिथले काचेचे रंगीत मणी कॉटनच्या ड्रेसवर झकास दिसतात. काच म्हणून घ्या, काचेच्या भावात घ्या, आनंदच आनंद.

पावसाळ्यात मोत्यांपेक्षा त्यांचा दोरा सांभाळा. भिजलेला रेशमी दोरा सैल होतो, कुजतो. सर घेतानाच प्रत्येक मोत्यानंतर गाठ आहे ना बघा. तुटला तर एकच मोती पडेल, सगळे नाल्यात जाणार नाहीत. श्रावणातली मंगळागौर, भाद्रपदातल्या महालक्ष्म्या म्हणजे नथ, तन्मणी, चिंचपेटीचा सीझन. महालक्ष्म्यांना सजवायला चौथ्या खान्यातले मोती चालतात, देवी बिल मागत नाही!

दसरा-दिवाळीला, पाडवा-भाऊबीजेला रंगीत खडे, कुंदन, कोल्हापुरी साज खुलतात. आणि संक्रांतीला काळ्या साडीवर पांढरा मोती. त्याला तोड नाही. असेल तर हलव्याचे दागिने, ते तर खाताही येतात.

कुणाला काय?

आईला, रोज घालायची असतील तर मोत्याची साधी कुडी किंवा टॉप्स. स्वयंपाक, धुणं-भांडी करणाऱ्या हातात मोत्याची अंगठी टिकणार नाही. तिच्या बोटात काही घालायचंच असेल तर कडक खडा घ्या. बहिणीला ॲमेथिस्टचं पेंडंट, चांदीत. वहिनीला नथ, पण नाक टोचलेलं आहे का आधी विचारा, नाहीतर चापाची घ्या. मैत्रिणीला बिनधास्त क्युबिक झिर्कोनिया, आणि तेच नाव सांगून! आजीला नवीन काही नको असतं. तिचा जुना सर नव्या दोऱ्यात, गाठी मारून ओवून आणा. खर्च कमी, आशीर्वाद जास्त.

आणि एक गोष्ट मात्र कुणालाही देऊ नका, वाघनखाचं लॉकेट. ताडोबाच्या वाटेवरच्या जिल्ह्यात हे सांगायलाच हवं. वाघाचं नख, दात बाळगणं, विकणं, भेट देणं हे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. खरं निघालं तर तुरुंग, खोटं निघालं तर गुरांच्या शिंगाचा तुकडा. दोन्हीकडून तोटाच.

दुकानात विचारायचे पाच प्रश्न

१) हे नैसर्गिक, संस्कार केलेलं, प्रयोगशाळेतलं की नक्कल?
२) खनिजाचं किंवा मोत्याचं नाव बिलावर लिहून द्याल का?
३) एकूण वजन किती, निव्वळ सोनं किंवा चांदी किती, खड्याचे पैसे किती?
४) परत घेताना काय वजा कराल?
५) पाणी, घाम, साबण यातलं याला काय चालत नाही?

चांगला दुकानदार हे प्रश्न ऐकून रागावत नाही. उलट खुर्ची देतो, भिंग काढून देतो. जो "विश्वास नाही का?" म्हणतो, त्याला सांगायचं, "विश्वास आहे काका, म्हणूनच तर लिहून मागतोय."

शेवटी, आई डबी उघडेल तेव्हा विचारेलच, "काहून एवढा खर्च केला?" आणि पाठोपाठ, "खरे आहेत का रे?" तेव्हा इकडे तिकडे बघू नका. सरळ सांगा, "गोड्या पाण्यातले कल्चर्ड मोती आहेत, चांदीत बसवलेले, हे बिल." ती बिल बाजूला ठेवेल, मोती कानात घालेल आणि संध्याकाळी शेजारच्या काकूंना ते कसे तयार होतात हे तुमच्यापेक्षा चांगलं समजावून सांगेल!